पुढचं मी बसवलंय

सायकल ही वस्तू बाहेरून बघायला बरी. आतून ती किती घाण असते, हे ज्यांच्या घरात सायकलीचं दुकान नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मागच्या चाकाच्या मधला गोळा, म्हणजे हब, उघडला की आत केस आणि दोरे गुंडाळलेलं काहीतरी काळं, चिकट निघतं. आमचे हे ते बोटानं काढतात आणि नाकाशी नेतात. का नेतात, ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. वास घेतात आणि म्हणतात, दोन वर्षं तेल दाखवलेलं नाही मेल्यानं. मग तेच बोट फडक्याला पुसतात, आणि ते फडकं म्हणजे निम्म्या वेळा माझा चांगला टॉवेल असतो.

घर तीन खोल्यांचं. रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान, मधली झोपायची, मागची स्वयंपाकाची. दुकान आपल्या खोलीत राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती, पण ते सरकत सरकत आत येतं. पलंगाखाली रिमा, कपाटावर मडगार्ड, न्हाणीघरात रॉकेलची बादली आणि तिच्यात भिजत पडलेले छर्रे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी त्या बादलीत पाणी समजून हात घातला होता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तर हे. हे सायकल मिस्तरी. गल्लीत ह्यांना 'एकडोळे' म्हणतात, तोंडावर नव्हे, मागे. दोन्ही डोळे शाबूत आहेत, पण कुठलीही सायकल दुकानात आली की हे आधी तिच्या मागे उकिडवे बसतात, डावा डोळा मिटतात आणि उजव्यानं चेनकडे बघतात. मागच्या चाकावरच्या बारक्या दातेरी चक्रीपासून, म्हणजे फ्रीव्हीलपासून, पुढच्या दातेरी चक्रापर्यंत चेन एका रेषेत गेली पाहिजे, हा ह्यांचा धर्म. सीट फाटकं असो, रंग उडालेला असो, त्याचं ह्यांना काही नाही. चेन वाकडी दिसली की मात्र चेहरा असा होतो की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांच्या जेवणात झुरळ निघालं. "हे काम आहे?" गिऱ्हाइकाला विचारतात. "ही ओकारी आहे. कुणी केलं हे?"

कुणीही केलेलं असो, ह्यांच्या मते त्यानं ते पायानं केलेलं असतं. चौकातला दुसरा मिस्तरी हातोड्याशिवाय काही जाणत नाही. नव्या दुकानातली पोरं नट आवळताना फोनकडे बघतात. कारखान्यातून थेट आलेली सायकलसुद्धा ह्यांना कधी पसंत पडली नाही. नाकानं कांदे सोलणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर सकाळी दहा वाजता आमच्या दुकानासमोर उभं राहावं. मला ह्या सगळ्याचा वीट आला होता, पण एक गोष्ट मी कबूल करायचे. ह्यांच्या हाताखालून गेलेल्या सायकलीची चेन पुन्हा पडायची नाही. माणूस खवट आहे पण हात खरा आहे, असं मी माझ्या बहिणींना सांगायचे. त्या एका गोष्टीवर मी तीस वर्षं ते टॉवेल धुतले.

मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून दवाखान्यात कामाला. म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, औषध घेतलं का बघायचं. बहुतेक घरं पुलापलीकडच्या वस्तीत. त्यासाठी तिला सायकल लागायची, आणि सायकल तिची स्वतःची होती. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिचे वडील ती स्वतः चालवत घेऊन आले. उंच माणूस, लेडीज सायकल, गुडघे हँडलला आपटतायत. मला हसू आवरेना. तेही हसले.

आमचे व्याही सुतार. दारं, खिडक्या, कपाटं करतात. बोलणं कमी आणि बोलले तरी जमिनीकडे बघून. सायकल त्यांनीच जोडली होती. सांगाडा एका जुन्या लेडीज सायकलीचा, मागचं चाक कुठल्याशा शर्यतीच्या सायकलीचं, आणि पुढचं दातेरी चक्र, दांडे, पायडलं हे सगळं सामान वाहायच्या अवजड सायकलीचं. तीन घरची तीन माणसं एका पंगतीला बसवावीत तसा प्रकार. पण लेकीसाठी म्हणून त्यांनी आठ दिवस बसून तो जुळवला होता. चेन सरळ आहे की नाही, ते त्यांनी सुताराच्या रीतीनं पाहिलं होतं, दोरा ताणून. हे त्यांनी भोळेपणानं आमच्या ह्यांना सांगितलं. ती त्यांची चूक.

हे उकिडवे बसले. डावा डोळा मिटला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, आज तरी गप्प बसा, व्याही आहेत. हे गप्प बसले खरे, पण तोंड जे वाकडं केलं ते शब्दांपेक्षा वाईट होतं. व्याही निघून गेल्यावर म्हणाले, "चेन काय दोऱ्यानं मोजतात? पडदे शिवायचेत का?"

सायकल थोडी वाजायची. पायडल मारलं की चेन दात्यांना घासून कर्रकर्र करायची, जोर लावला की जास्त. बाकी काही नाही. लग्नाच्या आधी सून त्याच सायकलीवर दोन वर्षं पुलावरून जात-येत होती आणि चेन एकदाही पडली नव्हती. तिनं दुरुस्त करून द्या म्हणून कधी सांगितलं नाही. तिला तो आवाज आवडायचासुद्धा. वडिलांना ती अण्णा म्हणायची. म्हणायची, अण्णा लाकूड घासतात तेव्हा असाच आवाज येतो.

ह्यांना तो आवाज सहन होईना. सकाळी ती निघाली की कर्रकर्र, संध्याकाळी आली की कर्रकर्र, आणि हे दुकानात बसून दात खात. मिस्तरीच्या सुनेची सायकल वाजते, लोक काय म्हणतील, हे एक. दुसरं, व्याह्यांनी केलेलं काम रोज समोरून जातंय, हे. दोन महिने कसेबसे काढले आणि एका रविवारी तिला न विचारता सायकल उघडली.

त्या दिवशी काय झालं ते मी पुढं कळल्यावर जुळवलं, पण आत्ताच सांगते, म्हणजे घोटाळा नको. ह्यांची रीत अशी की सायकल छताच्या आकड्याला टांगायची आणि उभ्यानं काम करायचं. त्या रविवारी आकड्याला दुसरी सायकल होती. म्हणून ही ह्यांनी जमिनीवर उलटी ठेवली, सीट आणि हँडल खाली, चाकं वर. समोर एक गिऱ्हाईक बसलेलं. त्याला हे एकेक तुकडा काढून दाखवत होते आणि व्याह्यांचं नाव न घेता व्याह्यांची टर उडवत होते. बघा हा वॉशर, बघा ही पिन, सुतारानं खुर्ची करावी तशी सायकल केलीय. दोन्ही पायडलांच्या दांड्यांना जोडणारी जी मधली आडवी सळई असते, तिला एक्सल म्हणतात. या सायकलीतल्या एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब होतं. लांब टोक चेनच्या बाजूला यायला हवं, म्हणजे दातेरी चक्र हवं तितकं बाहेर राहतं. ह्यांनी एक्सल रॉकेलमध्ये धुतला, पुसला, आणि बोलता बोलता परत घातला. सायकल उलटी. उजवं ते डावं झालेलं. लांब टोक भलत्या बाजूला गेलं.

ह्यांच्या ऐवजी कुणीही असता तर त्याला पुढच्या पाच मिनिटांत कळलं असतं. चाकं लावून हे मागे बसले, डोळा मिटला आणि बघितलं तर चेन पुढे आत गेलेली. चांगली अर्धा सेंटिमीटर. अशा वेळी माणूस म्हणेल, अरे, आत्ता मी काय केलं? हे म्हणाले, "बघा, मागचं चाक किती बाहेर आहे." गिऱ्हाइकानं भीत भीत विचारलं, पुढचं चक्र आत नाही ना गेलं? ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा ओशाळला. "पुढचं मी बसवलंय," हे म्हणाले. "ते बरोबर आहे."

मग सगळी दुपार हे मागचं चाक आत ओढत बसले. चेनच्या बाजूला वॉशर वाढवले, त्यानं चाक एका अंगाला गेलं, म्हणून तारा आवळून रीम मधे आणली. व्याह्यांनी लावलेला एकेक वॉशर काढून डबीत टाकताना 'शी' म्हणत होते, ते मी आतून मोजलं, अकरा वेळा. एवढं करूनही चेन पुरती सरळ झाली नाही. दोन-तीन मिलिमीटर राहिलीच. असल्या ठिगळाच्या सायकलीचं याहून काही होणार नाही, व्याह्यांना सांगा जाऊन, असं म्हणून हात धुतले. चेन नवी घातली होती, कसून ताणली होती. आवाज गेला.

सोमवारी सून पहिल्यांदा त्यावर बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, बाबा, उजवा पाय आत गेल्यासारखा वाटतोय, डावा बाहेर. हे चाकातली हवा बघत होते. "पायाकडे नको, चेनकडे बघ," म्हणाले. "वाजतेय का?" वाजत नव्हती. ती गेली.

दहाव्या दिवशी ती पडली. नवी चेन वापरून जरा सैल झाली होती. पुलाच्या उतारावर खड्डा आला, चेन चक्रावरून उतरून दांड्यात अडकली, पायडल जागच्या जागी थांबलं आणि ती हातावर आपटली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं ब्रेक लावला म्हणून मनगटावर भागलं. दोन हाडं मोडली. कोपरापर्यंत प्लॅस्टर, दोन महिने काम बंद. टेम्पोवाल्यानंच तिला आणि सायकलीला घरी आणून सोडलं.

हे सायकलीपाशी बसले, चेन बघितली आणि म्हणाले, मी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. पोरीजवळ बसले, प्लॅस्टरवरून हात फिरवला. एरवी त्यांच्या हाताला लाकडाचा वास असायचा, तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला. जाताना हे त्यांना म्हणाले, जरा दुकानात या. मला वाटलं, काही औषधपाण्याचं बोलायचं असेल. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ह्यांनी त्यांच्यासमोर सायकल उभी केली आणि मागचं चाक दाखवून सुरू झाले. शर्यतीचा हब या सांगाड्यात बसत नाही, फ्रीव्हील इतकं बाहेर येतं, मी निम्मं सुधारलं पण मुळातच वाकडं ते मी किती सरळ करणार. व्याही ऐकत होते. एका गिऱ्हाइकानं घड्याळात बघितलं. शेवटी हे म्हणाले, "लेकीला असली वस्तू देताना हात थरथरला नाही तुमचा?"

व्याही म्हणाले, "मला समजलं नाही. दोऱ्यावर तर बरोबर होती." आणि निघून गेले. चप्पल उलटसुलट घातली होती, तशीच.

मी तेव्हा ह्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण मलाही वाटलं होतं की चूक व्याह्यांची आहे. ह्यांची बोलण्याची तऱ्हा किळसवाणी, पण हात खरा, हे माझ्या डोक्यात तीस वर्षं बसलेलं. मी सुनेलाही म्हणाले, तुझे अण्णा चांगले आहेत गं, पण प्रत्येक कामाला माहितगार लागतो. ती भिंतीकडे बघत राहिली.

व्याही त्यानंतर आले नाहीत. फोन करायचे, पोरीशी बोलायचे, आमची चौकशी करून फोन ठेवायचे. घरात त्यांचं नाव निघालं की हे दुकानातून ऐकू येईल असं खाकरायचे. लेकीचा हात बापानं मोडला, ही गोष्ट गल्लीत पसरली. हेच पसरवत होते. येणारा-जाणारा सुनेचं विचारायचा आणि हे सायकल दाखवून सगळं पहिल्यापासून सांगायचे.

सून पडल्याला दोन आठवडे होऊन गेले तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. कुणाला तरी मागचं चाक हवं होतं म्हणून ह्यांनी सुनेची सायकल सुटी करायला काढली. या खेपेला आकडा मोकळा होता, सायकल टांगली गेली. मी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बराच वेळ हत्याराचा आवाज येईना म्हणून मी डोकावले. हे सायकलीच्या मागे उभे होते आणि दोन पायडलांकडे बघत होते. डावं पायडल सांगाड्यापासून चांगलं लांब, उजवं चिकटलेलं. हे कुणालाही दिसलं असतं. मला दिसलं.

मग हे आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या शिवणाच्या डब्यात जाड दोरा आहे का?"

मी रीळ दिलं. ह्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, पण ते दार नीट लागत नाही, फट राहते. मी फटीतून बघितलं, त्याची मला लाज नाही. ह्यांनी सांगाड्याच्या मध्यावरून दोरा ताणला. फूटपट्टी लावली. दांडे काढले, एक्सल काढला, हातात धरून उभे राहिले. मग तो टोकाला टोक फिरवून परत घातला. मागच्या चाकाचे आपण घातलेले वॉशर काढले, तारा सैल केल्या. डबी उघडली. व्याह्यांचे वॉशर त्यातून शोधून काढले आणि होते तसे लावले. पुन्हा दोरा. चेन दोऱ्याशेजारून गेली. एक वॉशर इकडचा तिकडे केला, तेव्हा उरलंसुरलंही सरळ झालं. पायडल फिरवलं तर आवाज नाही. मिस्तरीच्या घरात तीस वर्षं काढल्यावर एक्सलचं कुठलं टोक कुठे जातं, एवढं मलाही कळतं.

जेवताना मी विचारलं, काय निघालं सायकलीत? हे म्हणाले, काही नाही, जुनंच. आणि आणखी वाढ म्हणाले.

मी चार दिवस वाट बघितली. मला वाटलं, शब्द जुळवत असतील. पाचव्या दिवशी चौकातली एक म्हातारी नातवाच्या सायकलीच्या कुलपाची किल्ली करायला आली आणि तिनं सुनेचं विचारलं. हे म्हणाले, काय सांगायचं, व्याह्यांनी केलेली ठिगळाची सायकल. सरळ केलेली ती सायकल तिथंच आकड्याला लटकत होती, ह्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तिच्याकडे बोट करून हे बोलत होते.

ग्रीसची किळस साबणानं जाते, ही जाईना. म्हातारी गेल्यावर मी दुकानात गेले आणि सरळ सांगितलं, मी फटीतून सगळं पाहिलंय. हे फडक्याला हात पुसत राहिले. मी म्हणाले, व्याह्यांना सांगा. ह्यांनी सांगितलं, आता सांगून तिचा हात जुळणार आहे का? मी म्हणाले, "तुमची मला किळस येते." तीस वर्षांत मी ह्यांना असं काही बोलले नव्हते. हे म्हणाले, तू आत जा, गिऱ्हाईक येईल.

त्या दिवसापासून मी ह्यांचे कपडे धुवायचे बंद केले. ताट वाढायचे, पण समोर बसायचे नाही. ह्यांनी का म्हणून विचारलं नाही. स्वतः बनियन खळबळून वाळत घालायचे, डाग तसेच.

सुनेला सांगायचं ठरवायला मला आणखी दोन दिवस लागले. तिच्या केसांना तेल लावत होते, एका हातानं तिला वेणी घालता येत नव्हती म्हणून. मी म्हणाले, एक सांगायचंय, सायकलीचं. ती म्हणाली, "मला माहितीय आई."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, अण्णांनी केली होती तेव्हा दोन्ही पाय सारखे पडायचे. बाबांनी उघडल्यावर उजवा आत गेला. दहा दिवस मी ती चालवली, मला नाही कळणार तर कुणाला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस गं? ती म्हणाली, "बोलले होते. पायाकडे बघू नको म्हणाले." मग म्हणाली, मी बोलले तर त्याचं भांडण होईल. ते स्वतः बोलले तर मिटेल. पण अण्णांना आता आमच्या दाराशी यायची लाज वाटते आई, फोनवर त्यांचा आवाज ऐका एकदा. मी वेणी पुरी केली. घट्ट झाली बहुतेक.

पडल्याला पाच आठवडे होत आले असताना व्याही आले. सकाळचे दहा वाजले असतील. हे दुकानात एका रिमेच्या तारा आवळत होते. व्याही उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांच्या हातात दोरखंड होता. म्हणाले, ती सायकल द्या, मी नेतो. मोडीत घालतो. पोरीचं प्लॅस्टर निघायला आलं, ती पुन्हा तीच चालवायची, हट्टी आहे. तिच्या नजरेसमोर नको. मग हात जोडले. "माझ्यामुळे तुमच्या घराला त्रास झाला," म्हणाले. "माफ करा."

मी आणि सून मधल्या दारात. सुनेनं माझा दंड धरला होता, चांगल्या हातानं. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता तरी. ह्यांनी रीम फिरवली, बोटानं थांबवली, पुन्हा फिरवली. मग उठले, आकड्यावरून सायकल उतरवली आणि व्याह्यांच्या हातात दिली. सायकल मोडीत जाईल, आणि आपल्या कामानं लेक पडली असं समजतच तो माणूस एक दिवस मरेल, हे ह्यांना समोर दिसत होतं, तरी दिली.

व्याही सायकल वळवून दोन पावलं गेले आणि थांबले. पायडल त्यांच्या पायाला लागून फिरलं होतं, तरी आवाज आला नव्हता. त्यांनी मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. मग खाली बसले, वॉशरांवर बोट ठेवून मोजले. डावं पायडल बघितलं, उजवं बघितलं. शेवटी तोंड वर न करता म्हणाले, "मागचं तर एक वॉशर सोडला तर मी लावलं होतं तसंच आहे."

रस्त्यावरून कुणी गेलं, त्यानं ह्यांना रामराम केला, ह्यांनी केला नाही.

"एक्सल मी उलटा घातला होता," हे म्हणाले.

व्याह्यांना ते पोचायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, म्हणजे माझी चेन सरळ होती? हे म्हणाले, होती. व्याही म्हणाले, अगदी? हे म्हणाले, दोन मिलिमीटर कमी होती, त्याचा आवाज यायचा, पण पडली नसती. व्याह्यांनी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? ह्यांनी सांगितलं, वीस-बावीस दिवस झाले.

व्याही उभे राहिले. मला वाटलं मारतील, आणि मी मधे पडणार नव्हते. ते नेहमीच्याच आवाजात बोलले, फक्त जमिनीकडे न बघता. "पाच आठवडे मी रंधा हातात धरलेला नाही. दोघांची दारं परत केली. म्हटलं, आपल्या हाताचा भरवसा नाही आता. कुणाचं दार कुणाच्या अंगावर पडायचं." मग म्हणाले, "तिच्यासमोर सांगा."

हे सुनेकडे वळले आणि काहीतरी पुटपुटले. व्याही म्हणाले, ऐकू आलं नाही. ह्यांनी पुन्हा सांगितलं, पोरी, चूक माझी होती, तुझ्या अण्णांची नव्हती. एवढं बोलायला ह्यांना दाराची चौकट धरावी लागली. मला वाटत होतं, हे बोलले की माझी किळस जाईल. गेली नाही, कमी झाली.

व्याह्यांना मी चहा विचारला, ते नको म्हणाले. सून त्यांना पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत गेली. त्यांनी सायकल धरली होती, तिनं त्यांचा हात. तिथं बराच वेळ दोघं उभी होती. परत आली ती एकटी, एका हातानं सायकल ढकलत. दुकानातून सरळ आत आणली, मधली खोली ओलांडली आणि माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीला टेकवून उभी केली.

मी म्हणाले, अगं इथं कुठे, दुकानात ठेव की.

"नको आई," ती म्हणाली. "तिथं ठेवली तर बाबा पुन्हा दुरुस्त करतील."

हे दुकानातच होते. त्यांना ते ऐकू गेलं.